गोलूला शोधायची घाई कुणालाच नाही

नोएडाच्या फिल्म सिटीत मी मालिकांच्या पटकथा तपासते. सोमवारी जिन्यावरून पडलेली सासू बुधवारी गरब्यात नाचत नाही ना, हे बघण्याचे मला पैसे मिळतात. त्यामुळे आमच्याकडे कुणाच्याही गोष्टीत काही अडलं की ती माझ्याकडे दुरुस्तीला येते. भाचा गुरुग्रामला गेम डिझाइन शिकतो. शेवटच्या वर्षाला त्याने आणि मित्रांनी मिळून एक फँटसी गेम करायला घेतला आणि एका रविवारी लॅपटॉप काखोटीला मारून तो माझ्याकडे हजर झाला.

"मावशी, दिसायला एकदम मस्त झालाय. पण खेळणारे मध्येच सोडून देतात. म्हणतात, बोअर होतं. पेसिंग स्लो आहे बहुतेक. कुठे कापू तेवढं सांग ना."

कल्पना ऐकून मी सरसावून बसले. फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या किल्ल्यात दर गुरुवारी लोक जिन्नांना चिठ्ठ्या लिहून ठेवतात. नोकरी, आजार, कोर्टकज्जा, बेपत्ता झालेला मुलगा, काय वाट्टेल ते. भाच्याची नायिका रूही अशीच आईची चिठ्ठी ठेवायला जाते, उत्तर येत नाही, म्हणून कोनाड्यातून थेट जिन्नांच्या दुनियेत शिरते. दिल्लीत राहून याहून चांगली सुरुवात कुणाला सुचणार? पण पुढे ती अग्रसेन की बावलीत जाते, तिथे एका जिन्नाला हरवते. मग हौज खासला जाते, तिथे दुसऱ्याला. मग तुघलकाबादच्या किल्ल्यात तिसऱ्याला. शेवटी उत्तर मिळतं आणि पडद्यावर नावं सरकू लागतात.

"बावलीतून ती तुघलकाबादला कशासाठी जाते?" मी विचारलं.

"तिथलं मॉडेल रेडी होतं ना."

या उत्तराला मी हसले, पण ते खरं उत्तर होतं. गेममध्ये बरेचदा जागा आधी उभ्या राहतात आणि गोष्ट मागाहून त्यांच्यामधून दोरा ओवत जाते. मालिकेतही तेच होतं. सेट लागलेला असतो, भाडं चालू असतं, म्हणून लग्नाचा प्रसंग लांबतो. फरक इतकाच की मालिका बघणारी बाई त्या वेळात भाजी निवडू शकते. खेळणाऱ्याचे दोन्ही हात कंट्रोलरवर अडकलेले असतात.

मी गेम खेळणारी नव्हे. म्हणून भाच्याने आधी मला एक पुरा गेम दाखवायचं ठरवलं आणि नेमका पुण्याचा निवडला: 'राजी: अॅन एन्शंट एपिक'. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने तो केला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे गोळा करायची मोहीम काढली होती, ती ठरलेल्या रकमेपर्यंत पोचलीच नाही. तरी २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हिंदी आवाज होते. आम्ही तीच लावली. माझ्या बहिणीला 'पुण्याचा आहे' एवढं कळल्यावर तीही चहा घेऊन शेजारी बसली.

राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ पोर. तिचा धाकटा भाऊ गोलू बाहुल्यांचे खेळ करतो. हजार वर्षं दबून राहिलेले असुर पुन्हा चाल करून येतात, मुलं पळवतात, त्यांत गोलूही जातो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकडून शार्ङ्ग धनुष्य मिळतं, आणि राजी भावाच्या शोधात निघते. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, कमानी, कमळांची तळी. मधले कथाप्रसंग छाया-बाहुल्यांच्या ढंगाने मांडलेले. बहीण म्हणाली, "अगं, किती देखणं केलंय!" खरंच देखणं आहे. खांबाभोवती गरकन फिरून राजी असुराला लाथ हाणते तेव्हा ती सर्कशीतली आहे हे कुणी सांगावं लागत नाही. तिचा पूर्वेतिहास तिच्या अंगात उतरलाय, आणि पटकथेत मी नेहमी हेच मागत असते.

पण तासाभराने मला चुळबुळ व्हायला लागली. का, ते आधी नीट सांगता येईना. गेम संथ नव्हता. मारामाऱ्या पुरेशा होत्या. मग लक्षात आलं की गोलूला शोधायची घाई कुणालाच नाही. भिंतींवर सुंदर चित्रं आहेत, त्यांच्यापुढे राजी थांबली की देवादिकांच्या कथा ऐकू येतात. वाटेत कड्या फिरवून चित्र जुळवायची कोडी आहेत. आणि वरून दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत राहतात: बघ, ही मुलगी कशी धीराची आहे, पुढे हिला काय काय सोसायचंय. कीर्तनात पूर्वरंग आटपून बुवा एकदा आख्यानाला लागले की पुन्हा निरूपणाकडे फारसे वळत नाहीत. इथे उत्तररंगाच्या ऐन मध्यात पूर्वरंग चालूच. भाऊ असुरांच्या तावडीत आणि आम्ही चित्रांचं प्रदर्शन बघतोय.

"पण मावशी, ते ऑप्शनल आहे," भाचा म्हणाला. "नाही बघितलं तरी चालतं."

नेमकी तीच अडचण होती. बघितलं तरी चालतं, नाही बघितलं तरी चालतं. ज्या कथा राजीने ऐकल्या, त्यांतली एकही पुढे तिच्या कामाला येत नाही. महिषासुराची गोष्ट ऐकून तिला लढाईतली एखादी युक्ती सुचली असती, तर त्याच भिंतीपुढे मी अर्धा तास काढला असता. गोलूच्या बाहुल्यांचंही तेच. ज्या पोराच्या हातात बाहुल्यांच्या दोऱ्या, त्याची कला त्याच्या सुटकेत कुठेतरी लागायला हवी होती. आणि शेवट असा येतो की बहिणीने विचारलं, "लाइट गेली का?" लाइट होती. महाबलासुराशी झुंज होते आणि गोष्ट फांदीवरून हात सुटावा तशी संपते. हा शेवट बऱ्याच परीक्षकांनाही खटकला होता. चार-पाच तासांचा गेम, हातात पैसा थोडा, हे सगळं मान्य. पण पैसा कमी असताना उरलेला शेवटच्या भागावर खर्च करावा, हे शहाणपण मला मालिकांनी महागात शिकवलंय.

भाच्याने मग 'विचर ३' पुढे केला. २०१५ चा गेम, जगभर नावाजलेला. त्यात गेराल्ट लेकीसारख्या सिरीला शोधत असतो आणि वाटेत गुत्त्यात बसून पत्ते कुटतो. "तिथे कुणी तक्रार करतं का?" तक्रार करणारे आहेतच, पण मुद्दा चुकीचा नव्हता. संथपणा मुळात वाईट असता तर तो गेम कुणी पुरा केला नसता.

या वादाचं उत्तर मला गेममध्ये नाही, दिल्लीतच मिळालं. इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये २००५ मध्ये महमूद फारूकी यांनी शम्सुर्रहमान फारूकींच्या मार्गदर्शनाने दास्तानगोई, म्हणजे लांबलचक गोष्टी सांगायची जुनी कला, पुन्हा उभी केली. तेव्हापासून मी जमेल तेव्हा जाते. पांढऱ्या अंगरख्यातले दोन सांगणारे, गादी, लोड, पाण्याचे वाडगे. बाकी काही नाही. सांगतात ती बहुतेकदा 'तिलिस्म-ए-होशरुबा'. अमीर हमजाच्या दास्तानांचे ४६ खंड लखनौच्या नवलकिशोर प्रेसने छापले, त्यांतला हा सगळ्यांत गाजलेला भाग. जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब, त्याची मायानगरी, आणि तिच्यात घुसलेले हमजाचे लोक. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' याच वळणाची, आणि आमच्या पिढीला तिच्या दूरदर्शनवरच्या अवतारातला क्रूरसिंहाचा 'यक्कू' अजून पाठ आहे, मूळ कादंबरीतलं काहीही आठवत नसलं तरी.

दास्तानीत चार गोष्टी लागतात: रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी. लढाई, मैफल, माया, आणि वेशपालट करून गंडवणारी हुशारी. अमर अय्यारच्या खांद्याला झंबील नावाची झोळी असते, तिच्यात अख्खी दुनिया मावते. भाच्याला हे सांगितलं तर तो उडालाच: "म्हणजे इन्व्हेंटरी!" हो, इन्व्हेंटरीच. आणि प्रत्येक तिलिस्माची एक पाटी असते, लौह, तिच्यावर तो तोडायची रीत लिहिलेली. बांधणाऱ्याने घातलेला नियम त्यालाही मोडता येत नाही. कितीही अचाट काही घडलं तरी ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटत नाही, त्याचं कारण हे.

जुन्या दास्तानगोंना 'दास्तान रोकना' ही कला अवगत असे. एकाने म्हणे प्रेमिकांच्या मध्ये नुसता एक पडदा ठेवला आणि तो उचलायच्या आत दिवसांमागून दिवस काढले. ऐकणारे उठून गेले नाहीत. कारण पडद्यापलीकडे कोण आहे, ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मधलं प्रत्येक वर्णन त्या पडद्यालाच झोंबत होतं. दिल्लीचे अखेरचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले. शेवटी शेवटी ते सुपारी विकत, आणि त्या धंद्यातही गोष्टी सांगत.

म्हणजे गेराल्टचे पत्ते ही बज्म झाली. त्या गुत्त्यात माणसं भेटतात, त्यांची दुःखं कळतात, आणि युद्धाने काय केलंय ते समजतं. 'राजी'त रज्म भरपूर, तिलिस्म देखणा. बज्म नाही, अय्यारी नाही. राजीला बोलायला आपल्या बरोबरीचं कुणी भेटत नाही, कुणाला फसवून पुढे जायची वेळ तिच्यावर येत नाही. सर्कशीतली पोर! तिच्याहून चांगली अय्यार कोण झाली असती?

भाच्याच्या गोष्टीला हाच मापदंड लावला तर रूहीची अवस्था राजीहून वाईट निघाली. तेव्हा एका गुरुवारी त्याला म्हटलं, "चल, आधी तुझे जिन्न बघून येऊ." ब्लू लाइनने मंडी हाउस, तिथे गाडी बदलून आयटीओ. तिकीट काढून आत गेलो तर पडक्या मशिदीच्या खालच्या कोठड्यांत उदबत्त्यांचा धूर, काजळीने काळ्या झालेल्या भिंती, पाकळ्या, दूध, मेणबत्त्या. वर तो अशोकाचा स्तंभ, जो फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपऱ्याहून आणवला. एक मध्यमवयीन बाई पर्समधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढत होती. एका कोनाड्यात एक, दुसऱ्या कोनाड्यात एक. सगळ्या एकसारख्या. झेरॉक्स होत्या. वर अर्जदाराचं नाव, पत्ता, आणि फोटो चिकटवलेला. एका अर्जाच्या प्रती खात्याखात्यांत देऊन ठेवाव्यात, तशी ती शांतपणे फिरत होती.

भाचा माझा दंड धरून कुजबुजला, "मावशी, ये तो पूरा सिस्टम है."

परतीच्या मेट्रोत त्याने फोनवर सगळं नव्याने लिहून काढलं. रूहीने आईच्या चिठ्ठीच्या अनेक प्रती ठेवल्यात. प्रत्येक जिन्नाला वाटतं, हे काम दुसऱ्याच्या खात्यातलं. म्हणून तिला एकाकडून दुसऱ्याकडे जावं लागतं, आणि दर वेळी कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच चिठ्ठीचं काम करून दिल्याशिवाय पुढचा शेरा मिळत नाही. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या, म्हणजे बज्म. खोटा शिक्का मिळवायचा, म्हणजे अय्यारी. आता ती बावलीत थांबली तर कशासाठी थांबली, हे खेळणाऱ्याला माहीत असेल. कापाकापी काहीच केली नाही. उलट गेम थोडा लांबला. हौज खास मात्र पूर्ण उडालं, त्याला काही कारणच सापडेना.

तुघलकाबादचा प्रश्न उरला होता. ज्या मित्राने ते मॉडेल रात्री जागून केलं होतं, त्याने माझा फोन नंबर मागून घेतला. मला वाटलं, भांडायला. पण त्याने आख्यायिका शोधून काढली होती: गियासुद्दीन तुघलकाने किल्ल्यासाठी सगळे मजूर वेठीस धरले, ते दिवसा तिथे आणि रात्री निजामुद्दीन औलियांच्या बावलीवर काम करू लागले. सुलतानाने तेल बंद केलं, तर दिवे बावलीच्या पाण्यावर जळले. मग अवलियाचा शाप, आणि किल्ला ओसाड.

"आंटी, अग्रसेनची काढतो आणि निजामुद्दीनची बावली टाकतो. मग तिथून तुघलकाबाद डायरेक्ट जोडलं जातं. चलेगा?"

मी म्हटलं, धावेल. फक्त तेलाची गोष्ट भिंतीवरच्या चित्रात ऐकवू नकोस. रूहीच्या हातात विझलेला दिवा दे आणि तेल मिळू देऊ नकोस.

त्यांचं सादरीकरण मे महिन्यात आहे. नवी बावली अजून अर्धीच बांधून झालीय, आणि मधला जिन्न अजूनही फार बोलतो. भाचा म्हणतो, त्याचे संवाद आता रेकॉर्ड झालेत, बदलता येणार नाहीत. हे वाक्य मी फिल्म सिटीत रोज ऐकते.