काचेचा कठडा

घरांतील जिन्याकडे माणसाचें लक्ष क्वचितच जातें. दिवाणखाना पाहुण्यांसाठीं सजतो, देवघर सणावारीं उजळतें. जिना मात्र सर्वांच्या पायांखालीं असल्यामुळें कोणाच्याच डोळ्यांत भरत नाहीं. सोलापुरांतील शुक्रवार पेठेंत असलेल्या आमच्या माळवदी घराचा जिनाहि असाच होता. १८७७ सालीं निघालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या पिढींतील आमच्या आजोबांनीं तो बसविला. पायऱ्या अरुंद, आणि कठड्याचे सागवानी गज इतके जाड व दाट, कीं भर दुपारींहि मधल्या खोलींत संध्याकाळ वाटावी. सोलापूरच्या वैशाखांत अंधार म्हणजे थंडावाच, असें समजून आम्ही पन्नास वर्षें त्याबद्दल तक्रार केली नाहीं.

गेल्या वर्षीं चिरंजीव पुण्याहून आले आणि त्यांनीं निकाल दिला, "बाबा, हे गज काढून काच बसवूं. सगळें घर उजळेल."

काच म्हणतांच आम्हांला आठवली ती कंदिलाची काच. ती पुसतांना लहानपणीं आमच्या हातून फुटली होती, आणि तिच्यापायीं खाल्लेला मार आम्ही विसरलों नाहीं. १९०८ सालीं तळेगांवास पैसाफंडाचा काच-कारखाना निघाला, १९१६ सालीं ओगल्यांचा निघाला, आणि काच मराठी घराला स्वदेशी झाली; पण निर्धास्त कधीं झाली नाहीं!

चिरंजीवांनीं आमची शिकवणीच घेतली. ही काच सहाशें अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोतांनीं एकदम निववितात. वरचा थर आधीं कडक होतो. आंतला मागून आकसतो आणि वरच्या थराला दाबून धरतो. त्या दाबामुळें ती साध्या काचेहून कितीतरी बळकट होते, आणि फुटलीच तर बोथट दाण्यांचा चुरा होतो. शिवाय दोन काचांच्या मध्यें एक चिवट पापुद्रा असतो. तुकडे त्यालाच चिकटून राहतात. ही दुसरी युक्ति बेनेदिक्तस नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १९०३ सालीं सुचली. त्याच्या प्रयोगशाळेंतील एक चंबू खालीं पडून तडकला, पण आंत वाळलेल्या लेपामुळें विखुरला नाहीं.

आई हें सर्व ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, काच फुटणार नाहीं हें खरें, पण मीं धरायचें काय?"

प्रश्न बिनतोड होता. काच अडवते, पण आधार देत नाहीं. म्हणून गज निघाले तरी वरचा जुना दांडा आम्ही सुताराकडून काचेवर पुन्हां बसवून घेतला. तीन पिढ्यांच्या तळव्यांनीं तो आधींच गुळगुळीत झालेला होता. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा आटोपली त्या आठवड्यांत काम संपलें, आणि मधल्या खोलींत प्रथमच दिवसा दिवा लागेना.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तेथेंच टेबलापाशीं उत्तरपत्रिका तपासत होतों. सहज मान वर केली. आई फुलांची परडी घेऊन माडीवरच्या देवघराकडे निघाली होती. चौथ्या पायरीवर ती थांबली. सातवीवर परडी बाजूला ठेवून चक्क खालीं बसली आणि डोळे मिटले. आम्ही धांवत गेलों. "काय होतें आहे?" असें घाबरून विचारलें.

"काहीं नाहीं. रोजच बसतें. आतां तुला दिसलें, इतकेंच."

किती वर्षें ती अशी बसत असेल? आमचें टेबल तेथून दहा पावलांवर. आणि आम्ही मुलांना निरीक्षणशक्तीचे पाठ देतों! तिला दमतांना कोणीं पाहूं नये, एवढी सोय ते जाड गज करीत होते. आणि आमच्या बेफिकिरीवरहि त्यांनींच पांघरूण घातलें होतें.

आम्ही म्हणालों, "आई, देव खालीं आणूं."

"देव आणशील; पण माडीची खिडकी कशी आणशील? तिथून सगळी गल्ली दिसते."

मग आम्हीच तिच्याबरोबर जाऊं लागलों. एक हात दांड्यावर, एक आमच्या खांद्यावर. डॉक्टरांनीं तिला तपासून गोळ्या दिल्या आहेत, आणि वर-खालीं दिवसांतून एकदांच, असें बजावलें आहे. सातव्या पायरीवर आम्ही दोघेंहि बसतों. ती गल्लींतल्या गोष्टी सांगते. तेथें टेकणें अलीकडे आम्हांलाहि बरें वाटूं लागलें आहे. घरांत हें अद्याप कोणाच्या लक्षांत आलेलें नाहीं. पण कठडा काचेचा आहे, येईलच.