शितावरून कोळशाची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका भांड्यातला भात बहुधा सारखाच शिजलेला असतो. कोळशाला ही म्हण लागू पडत नाही. तरीही चंद्रपूर जिल्ह्यात रोज कोट्यवधी रुपयांचा व्यवहार शितावरच ठरतो.

या जिल्ह्यात कोळशाची खाण सुरू झाली ती १८७१ मध्ये, वरोऱ्याला. तेव्हा जिल्ह्याचे नाव चांदा होते आणि आजचे गडचिरोलीही त्यातच होते. पुढे खाणी वाढल्या, १९७३ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९८३ पासून चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र हा कोळसा जाळू लागले. आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे.

कोळशाची एक मालगाडी म्हणजे सुमारे साठ वाघिणी आणि साडेतीन ते चार हजार टन माल. (ताडोबाच्या शेजारी वाघीण म्हटले की डोळ्यांपुढे दुसरेच काही येते, येथे मालगाडीचा डबा अभिप्रेत आहे.) या साऱ्या मालाची प्रत ठरते प्रयोगशाळेत जाळलेल्या सुमारे एक ग्रॅम भुकटीवरून. मोजणारे उपकरण अचूक असते. खरा प्रश्न असतो तो ग्रॅम कोठून आला हा.

वर्धा खोऱ्यातील कोळसा एकजिनसी नाही. त्याच्या थरांत शेल दगडाचे पट्टे असतात आणि उघड्या खाणीत यंत्राच्या फावड्यात दोन्ही एकत्र येतात. वाघिणीत भरताना मोठी ढेकळे घरंगळत कडेला जातात, चुरा मध्ये साचतो. ढेकळांत आणि चुऱ्यात राखेचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे हाताला लागेल तेथून उचललेला कोळसा हा गाडीचा नमुना ठरत नाही. तो फक्त हात जेथे पोचला त्या जागेचा नमुना असतो.

अमेरिकेत ई. जी. बेली यांनी १९०९ मध्येच कोळशाच्या नमुन्यांची अचूकता तपासली होती. भारतात उद्योगांतील संख्याशास्त्राला बळ मिळाले ते स्वातंत्र्याच्या सुमारास: प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून वॉल्टर शूहार्ट १९४७-४८ मध्ये येथे आले. कोळशाच्या नमुन्यासाठी पुढे भारतीय मानक ४३६ आले. त्याचा गाभा साधा आहे. कोणत्या वाघिणी निवडायच्या हे माणसाने ठरवायचे नाही, यादृच्छिक अंकांच्या तक्त्याने ठरवायचे. वरचा थर बाजूला सारायचा. अनेक ठिकाणांहून थोडाथोडा कोळसा घ्यायचा, तो फोडायचा, मिसळायचा, ढीग करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि पुन्हा तेच.

यात दोन प्रकारच्या चुका संभवतात आणि त्यांची गल्लत सर्रास होते. पहिली योगायोगाची: कधी दगड जास्त लागतो, कधी कमी. नमुन्याच्या जागा चौपट केल्या की ती साधारण निम्मी होते. दुसरी एकाच बाजूला झुकलेली. दर वेळी कडेचीच ढेकळे उचलली, तर हजार नमुने घेऊनही ती तसूभर कमी होत नाही. उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

ही चूक महाग पडते. पूर्वी राख आणि ओलावा मोजून, सूत्राने उपयुक्त उष्णता काढली जाई. त्या सूत्रात राखेचा एक टक्का म्हणजे १३८ किलोकॅलरी. प्रती सातच होत्या. १ जानेवारी २०१२ पासून एकूण उष्मांकावर आधारलेल्या सतरा प्रती आल्या, बहुतेक ३०० किलोकॅलरींच्या अंतराने. किलोमागे ४३१० निघाले तर दहावी प्रत, ४२९० निघाले तर अकरावी. आणि प्रत बदलली की गाडीभर मालाचा दर बदलतो. खाणीवरचा आकडा आणि केंद्रावरचा आकडा जुळत नाहीत, याचा गवगवा नेहमी होतो. त्यातला काही भाग केवळ मोजण्याच्या रीतीचा आहे: प्रत ठरते ४० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत स्थिरावलेल्या कोळशावर, तर बाष्पकात जातो तो पावसात भिजलेला. हा फरक वजा न करता चोरीचा हिशेब मांडणे घाईचे आहे. मात्र तो वजा केल्यावरही उरणारी तफावत योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. योगायोग कधी खाणीच्या बाजूने पडतो, कधी केंद्राच्या. दर महिन्याला एकाच बाजूने पडत असेल, तर नमुना घेणाऱ्या हातांकडे पाहावे लागते. त्या तफावतीचे पैसे अखेर वीजबिलात येतात आणि जास्तीची राख चंद्रपूरच्याच वाट्याला.

पूर्वी खाण आणि ग्राहक यांची माणसे मिळून नमुना घेत. २०१५ नंतर हे काम मोठ्या प्रमाणावर धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेसारख्या तिसऱ्या पक्षाकडे आले. तयार भुकटीचे भाग होतात: एक तपासणाऱ्याचा, एक खाणीचा, एक ग्राहकाचा. उरलेला मोहोरबंद करून ठेवतात आणि निकालावर तंटा झाला तरच तो उघडतात. पण तोही त्याच वाघिणींतून, त्याच हातांनी काढलेला असतो.