अंतःकरणाची मशागत

देवाचे वचन ज्यास मुळीच ठाऊक नाही त्याच्यापेक्षा, ज्यास ते तोंडपाठ आहे त्याचीच चिंता अधिक करावी, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. आणि हे आम्ही दुसऱ्या कोणास उद्देशून म्हणत नसून स्वतःविषयीच म्हणत आहोत. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही शास्त्रपाठाचा तास घेत आहोत. पेरणाऱ्याचा दाखला मत्तयाच्या तेराव्या, मार्काच्या चौथ्या व लूकाच्या आठव्या अध्यायात आहे, हे आम्हांस झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. चार प्रकारच्या जमिनी, त्यांचे चार अर्थ, तीसपट, साठपट व शंभरपट पीक, हे सर्व आम्ही फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहे की, मन दुसरीकडे असले तरी हात चुकत नाही. यात काही बिघडले आहे, हे ध्यानात येण्यास एका विद्यार्थ्याचा प्रश्न कारण झाला. ती हकीकत विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावी, म्हणून हा लेख.

आमचा जन्म ख्रिस्ती घरात झाला. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की वडील शास्त्र उघडीत, आई मुलांस गोळा करी, व प्रार्थना झाल्यावरच भाकरी मिळे. पुढे मिशनच्या वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ उपासना, रविवारी शाब्बाथशाळा, आणि वचने पाठ केल्याबद्दल बक्षिसे. या संस्कारांचे ऋण आम्ही विसरलो नाही. तथापि ज्या पाण्यासाठी कधी तहानेने व्याकूळ व्हावे लागले नाही, त्याची गोडी आम्हांस पुरती कळली नाही, हेही कबूल केले पाहिजे.

कविवर्य नारायण वामन टिळकांचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक संस्कृताचे व्यासंगी. ग्रंथ पारखून घेण्याची त्यांस सवय होती. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, आणि आपण त्या शब्दांची परीक्षा करण्याऐवजी त्या शब्दांनीच आपली परीक्षा करावी, यास ते राजी झाले. सन १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी आप्त दुरावले, व पत्नी लक्ष्मीबाई यांचाही वियोग काही वर्षे सोसावा लागला. डोंगरावरील प्रवचनाचे तेच तीन अध्याय आम्ही दरवर्षी शिकवितो, आणि घंटा झाली की पुस्तक मिटून पुढच्या वर्गावर जातो.

असो. गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. सप्टेंबर महिना संपत आला होता. इयत्ता आठवीच्या वर्गात आम्ही मत्तयाचा पाचवा अध्याय शिकवीत होतो. वेदीजवळ देणगी आणिली असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर देणगी तेथेच ठेवून प्रथम भावाशी समेट करावा, मग येऊन ती अर्पण करावी, हा भाग चालू होता. नेहमीप्रमाणे आम्ही टीप सांगितली : वेदी यरुशलेमच्या मंदिरात होती, ऐकणारे लोक पुष्कळसे गालीलातले, तेथून यरुशलेम म्हणजे पायी सुमारे तीन-चार दिवसांची वाट. यावरून आज्ञेची कडकपणा समजावा, असे म्हणून आम्ही पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, मग तो मनुष्य खरेच तितक्या लांब परत गेला असता का?”

वर्ग हसला. “जावेच लागले असते,” असे आम्ही म्हणालो. मुलाचे समाधान झाले. परंतु आमचे झाले नाही. कारण आमचाही एक भाऊ होता, आणि त्याचे गाव तीन दिवसांच्या नव्हे, एस. टी.ने चार तासांच्या वाटेवर होते. सहा वर्षांत आम्ही तेथे पाऊल टाकिले नव्हते.

वडील वारल्यावर शेताची वाटणी झाली. बांध घालताना आपला भाग हातभर कमी भरला, असे आमच्या मनाने घेतले. ज्या थोरल्या भावाने लहानपणीच शाळा सोडून औत धरिले, व ज्याच्या कष्टावर आम्ही पदवीधर झालो, त्यास आम्ही पत्राने बजाविले की, आमच्या भागात तुम्ही नांगर घालू नये. त्यानंतर पत्रही नाही, भेटही नाही. या सहा वर्षांत आम्ही प्रभुभोजन चुकविले नाही, दान चुकविले नाही, आणि डोंगरावरील प्रवचन सहा वेळा शिकविले. वचन आमच्या मुखातून रोज बाहेर जात होते. ते आत मात्र येत नव्हते.

त्या शनिवारी शाळा सुटताच आम्ही गाडी धरिली. वाटेत बोलावयाची वाक्ये मनात जुळवून ठेविली होती. पण दारात दादा उभे दिसले तेव्हा “दादा, चुकलं माझं” एवढेच तोंडून निघाले. दादा काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाय धू. वहिनी भाकरी करतेय. सकाळी रानात जाऊ.”

आमचे गाव पर्जन्यछायेच्या मुलखात आहे. तेथे रब्बीची ज्वारी हेच मुख्य पीक, व ते परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. बांधाच्या अलीकडे दादांचे रान काळेभोर व भुसभुशीत होते. पलीकडे आमचा भाग पडीक. त्यात हराळी माजली होती, आणि मधोमध एक पायवाट पडली होती. ओढ्याकडे जाणाऱ्या लोकांनी ती पाडिली होती. पाऊस होऊनही ती वाट घट्टच होती. पाणी तिच्यावरून वाहून गेले होते. आम्ही ओशाळून म्हणालो, “आमच्या वाट्याला हलकी जमीन आली होती असं आम्हांला वाटत होतं.” दादा म्हणाले, “हलकी कसली? रान तेच आहे. माझ्यात कुळव फिरतो, तुझ्यातून माणसं फिरतात.”

वीस वर्षे आम्ही मुलांस असे सांगत आलो होतो की, दाखल्यातील चार जमिनी म्हणजे चार प्रकारची माणसे. आणि आपण चौथ्या प्रकारात आहोत, हे मनात गृहीत धरिले होते. त्या सकाळी प्रथमच कळले की, वाट ही जमिनीची जात नव्हे; ती तिची झालेली दशा आहे. उत्तम काळी जमीनही रहदारीने वाट होते. आणि अंतःकरणावरून जाणारी रहदारी नेहमी पापाचीच असते असे नाही. उपदेश, पाठांतर, परीक्षेच्या टिपा, उपासनेची ठरलेली वाक्ये, हीसुद्धा, जर ती केवळ ये-जा करीत राहिली व खोल काही शिरू दिले नाही, तर हृदय तुडवून घट्ट करितात. मग बी पडते, पण वरच राहते. आणि वर राहिलेले बी पाखरांचे होते, हे प्रभूने सांगितलेच आहे.

आम्ही उतावीळपणे विचारले, “मग याच हंगामात पेरता येईल का?” दादांनी मान हलविली. आधी उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, ढेकळे उन्हात तापू द्यावीत, हराळीच्या काशा वेचून काढाव्यात, मग कुळवाच्या पाळ्या द्याव्यात, तेव्हा पुढच्या साली पेरणी, असा क्रम त्यांनी सांगितला. यिर्मया व होशेय या संदेष्ट्यांनी आपल्या लोकांस पडीक जमीन नांगरण्यास सांगितले, ते पेरणीच्या आधीचे काम आहे. त्यास वेळ लागतो, व नांगराचा फाळ लागताना जमीन दुभंगते. पश्चात्तापाचे तसेच आहे. आम्ही एक वाक्य बोललो म्हणून सहा वर्षांची हराळी एका दिवसात निघाली नाही.

मग दादांनी स्वतःच्या रानातील मूठभर माती उचलून दाबून पाहिली. ती हातास चिकटली. “अजून वाफसा नाही,” ते म्हणाले. “दोन दिवसांनी येईल. तेव्हा मात्र थांबून चालत नाही, ओल उडून जाते.” हे ऐकून आम्हांस आपले कितीतरी रविवार आठवले. उपदेश ऐकून मन ओलावले होते, कोणास क्षमा करावी, कोणाचे देणे फेडावे, असे वाटले होते. परंतु सोमवार उजाडला, मंगळवार गेला, आणि ओल उडून गेली. वचन ऐकून जे करावेसे वाटते ते वाफसा असतानाच केले पाहिजे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. सन १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला तरी खुद्द ख्रिस्त पुढे काही वर्षांनी सापडला, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेविले आहे. एवढी विदुषी, पण आपणांस सर्व कळले असे त्यांनी मानिले नाही. उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून साध्या मराठीत शास्त्राचे भाषांतर केले, आणि सन १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केडगावच्या मुक्तिसदनात त्याच कामात त्या गढलेल्या होत्या. जमीन शेवटपर्यंत भुसभुशीत राखणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी पुष्कळांस शास्त्र लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून अनुभवाने सुचलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. वाचावयाचा भाग थोडा घ्यावा, आणि जो ठाऊक आहे असे वाटते तोच अधिक सावकाश वाचावा. वाचताना हे वचन अमक्यास चांगले लागू पडेल, असा विचार आल्यास तो थांबवून ते आपणांस कोठे लागू पडते ते शोधावे. आणि एक तरी गोष्ट त्याच दिवशी करावी, मग ती पत्र लिहिण्याची असो की माफी मागण्याची.

पुढील उन्हाळ्यात दादांनी आमच्या रानात नांगर घातला, व दिवाळीपूर्वी तेथे ज्वारी पेरिली. पीक आले, परंतु जेथे वाट होती तेथे ते अजून विरळ आहे. दोन-तीन साले लागतील, असे दादा म्हणतात. आता शास्त्रपाठाच्या तासापूर्वी क्षणभर खडू हातात धरून आम्ही उभे राहतो, आणि मागच्या बाकावरील त्या मुलाचा प्रश्न स्वतःस विचारतो. प्रभू आम्हां शिकविणाऱ्यांची व तुम्हां शिकणाऱ्यांची अंतःकरणे नांगरीत राहो, व आपल्या बीजास आम्हांत खोल जागा देवो, हीच प्रार्थना.