हंडा कोणाच्या डोईवर?

विरार मागे पडले की डहाणूची गाडी वैतरणेच्या पुलावर येते. हीच ती वैतरणा. वर डोंगरात तिच्यावर मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही धरणे आहेत. आपण मुंबईकर पहाटे नळ सोडतो, त्या धारेत तिचेही पाणी असते.

पुढे सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. केळव्याला आपण जातो ते सुरूच्या बनासाठी, शितलादेवीच्या दर्शनासाठी. बोईसरजवळ कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पाऊस म्हणाल तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक! तरीही उन्हाळा लागला की या जिल्ह्यातल्या कितीएक पाड्यांच्या विहिरी तळ गाठतात, आणि हंडा-कळशीची रांग निघते.

त्या रांगेत पुरुष क्वचितच दिसायचा. सायकलला किंवा मोटारसायकलला कॅन बांधायचे असतील, तर तो जरूर येतो. पाण्याला चाक लागले की ते पुरुषाचे काम. डोईवर आले की बाईचे! पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोंचे ओझे, भांड्याचे वजन वेगळेच. शहरातल्या संडासाची जुनी टाकी एकदा ओढली, की यातले दहा लिटर तरी गेलेच म्हणून समजा.

२०२३ च्या उन्हाळ्यात केळव्याजवळच्या एका पाड्यावर एका शाळकरी मुलाने, आईची पायपीट चुकावी म्हणून, अंगणात विहीर खणली. पाणी लागले. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि पुढे घरी नळही आला. कौतुक रास्तच होते. आईचे कष्ट त्या पोराच्या डोळ्यांना दिसले, हेच मोठे. पण अशाच पाड्यांवरच्या मुली आधी खेप घालतात आणि मग शाळेची वाट धरतात. त्यांची बातमी होत नाही. मुलाने एकदा विहीर खणली तर तो पराक्रम. मुलीने रोज पाणी आणले तर ते चांगले वळण!

२०१९ पासून जल जीवन मिशनचे नळ खेड्यापाड्यांत पोहोचू लागले. नळाला पाणी असेल तोवर प्रश्न नाही. तो कोरडा पडला, तर हंडा पुन्हा कोण उचलणार, हे त्या घरात कोणाला विचारावे लागत नाही. दिवाळीच्या पहाटे आपल्याकडे अभ्यंगाचे घंगाळ भरलेले असते. ते कोणी भरले, हे तरी आपल्या घरात कोण विचारतो?