जपणूक

माझे स्नेही मास्तर गेल्या पावसाळ्यात देवाघरी गेले. वसईत इतिहासाचे वेड असलेली माणसे पुष्कळ आहेत. पण मास्तरांचे वेड निराळे होते. वस्तू हाती आली की ती वापरणारा माणूस कोण, याचा ते आधी शोध घेत.

आमची मैत्री जुळली ती घंटांमुळे. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला आणि १५३४च्या तहाने आलेली पोर्तुगीज सत्ता येथून गेली. त्यानंतर या परिसरातील चर्चच्या कितीतरी घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. त्यांच्या शोधात आम्ही दोघे एस.टी.ने नाशिक, भीमाशंकर, मेणवली असे हिंडलो. मेणवलीच्या घाटावर माझे मन काहीसे खिन्न झाले. मास्तर शांतपणे म्हणाले, “फादर, वितळवून तिची तोफ केली असती तर? येथे ती अजून देवाच्या दारात आहे.”

मास्तरांच्या पेटीत पोर्तुगीज नाणी होती, तशाच शेतसाऱ्याच्या पावत्या आणि सामवेदी बोलीतील लग्नगीतांच्या सात वह्याही होत्या. वृद्ध स्त्रियांजवळ बसून त्यांनी ही गीते उतरून घेतली होती. प्रत्येक गीताखाली गाणारीचे नाव, गाव आणि तारीख. त्यांच्या निधनानंतर नाण्यांना गिऱ्हाईक चालून आले. वह्या मात्र त्याने उघडूनही पाहिल्या नाहीत.

मला फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे स्मरण झाले. १६१६मध्ये ते प्रथम छापले गेले, पुढे १६४९ व १६५४मध्येही. परंतु त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तरला तो भाविकांनी हाताने लिहून ठेवलेल्या नकलांमुळे. त्यांच्याच आधारे १९०७मध्ये तो मंगळूरला पुन्हा छापला गेला. त्या नकला करणाऱ्यांपैकी कितीजणांची नावे आपणास ठाऊक आहेत?

मास्तरांच्या कन्येने गिऱ्हाईकाला नम्रपणे परत पाठविले. आता रोज रात्री जपमाळेची प्रार्थना आटोपली की ती वह्यांची दोन पाने नव्याने लिहून काढते. तिचा मुलगा शेजारी बसून अडलेले शब्द विचारतो. त्यातले काही तिलाही येत नाहीत. मग दोघे शेजारच्या आजीकडे जातात.

वाचकहो, आपल्या माळ्यावरही एखादी ट्रंक असेल. ती रद्दीत देण्यापूर्वी एकवार उघडून पाहा. आणि घरात एखादी आजी अजून गात असेल, तर ट्रंक उद्या उघडली तरी चालेल. आज तिच्याजवळ वही घेऊन बसा.