एका ड्रिल मशीनची पाठचिकित्सा

सुताराच्या सामत्याला आणि गिरमिटाला मराठीत आपापले नाव आहे. दोरीने पुढेमागे फिरणारा सामता आता फारसा दिसत नाही, आणि गिरमीट हे तर इंग्रजी 'गिम्लेट'चेच देशी रूप असावे. तरी दोन्ही शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी सहज बसलेले आहेत. खांबावर उभ्या असलेल्या, विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या वाट्याला मात्र असा शब्द आला नाही. परिभाषा घडविणारे 'छिद्रणयंत्र' असे काही सुचवितील. वैरागच्या बाजारात तो शब्द उच्चारला तर समोरचा माणूस आदराने चहा पाजून आपल्याला वाटेला लावील. तिथे त्याला ड्रिल म्हणतात, फार तर पिलर ड्रिल. आम्हीही तेच म्हणणार आहोत.

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. लोखंडाशी आमचा संबंध स्टेपलरच्या पलीकडे कधी गेलेला नव्हता. पण आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील मिस्त्री होते. बार्शी–सोलापूर रस्त्यालगत त्यांचे छोटे वर्कशॉप. कडबाकुट्टीची पाती, पाभरीचे फण, ट्रॉलीच्या फळक्याच्या बिजागऱ्या अशी तिथली कामे. मिस्त्री गेले, वर्कशॉप दोन वर्षे बंद राहिले, आणि पुन्हा कुलूप उघडले तेव्हा ड्रिल जाम झालेले होते. भंगारवाला वजनावर भाव करून गेला होता. मुलगा आमच्याकडे आला तो सल्ला विचारायला नव्हे. त्याला मशीन खोलताना नोंदी ठेवणारे कोणीतरी हवे होते. "सर, पोथी सोडवताना पानांना खुणा करून ठेवायच्या, नाहीतर क्रम जातो, असं तुम्हीच शिकवलंय," असे तो म्हणाला. वर्गात सांगितलेले असे अंगावर येते तेव्हा नाही म्हणता येत नाही.

पहिल्या रविवारी एक वही, खडू आणि मोबाइलचा कॅमेरा घेऊन आम्ही गेलो. यंत्राची रचना तशी साधी. खाली बिडाचे बूड, त्यातून उभा खांब, खांबावर खालीवर सरकणारे टेबल, आणि माथ्यावर डोके. डोक्यात एक पोलादी नळी असते, तिला क्विल म्हणतात. तिच्या पोटात बेअरिंगांवर स्पिंडल फिरतो. हँडल ओढले की दातेरी चाक क्विलला खाली आणते आणि सोडले की घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग तिला वर घेते. मागे मोटर, आणि दोन्हींकडे पायऱ्यांच्या पुल्या. पट्टा कोणत्या पायरीवर चढवावा यावर वेग ठरतो. साध्या पोलादात सहा मिलिमीटरचे भोक पाडायचे तर मिनिटाला सुमारे १३०० फेरे चालतात, बारा मिलिमीटरसाठी निम्मेच, साडेसहाशेच्या आसपास. बिट जाड झाले की त्याची कड एका फेऱ्यात जास्त वाट चालते, म्हणून. हे न पाळणाऱ्याचे बिट निळे पडून जळते.

क्विल दोन दिवस हलली नाही. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. रॉकेलमध्ये भिजवणे, ब्लोलँपची मंद आच, लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके, असे करत ती सुटली. स्प्रिंगची डबी मात्र मुलाने आम्हांला हातही लावू दिली नाही. ती एकदम उलगडली तर हात फाडते. बेअरिंग काढून पुसले तेव्हा कडेवर कोरलेला आकडा दिसला: ६२०३. सतरा मिलिमीटर भोक, चाळीस बाहेरचा व्यास, बारा जाडी. हा आकडा जगात कुठेही तोच अर्थ सांगतो, म्हणून सोलापूरच्या दुकानात तो नुसता उच्चारताच नवे बेअरिंग हातात आले. आमच्या शास्त्रात इतका निःसंदिग्ध एकही शब्द नाही, याचा आम्हांला क्षणभर हेवा वाटला.

परंतु सगळेच यंत्र असे बोलके नव्हते. डोक्यावर नावाची पाटी नव्हती, चार रिव्हेटांची भोके तेवढी होती. कर्ता अज्ञात, काल अज्ञात, पहिले पान गहाळ. आम्हांला घरी आल्यासारखे वाटले. मिस्त्री सांगत की सोलापूरच्या एका बंद गिरणीच्या भंगारातून ते त्यांनी उचलले. याला पुरावा नाही. अंतर्गत पुरावा मात्र सापडला, आणि तो बोल्टांत. काही बोल्टांचे आटे इंची, व्हिटवर्थ पद्धतीचे निघाले, काहींचे मेट्रिक. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचविलेल्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिक आट्याचा ६०. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे चढतो आणि मग अडतो, नवशिक्याने ओढून घातलेल्या यमकासारखा. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. तेव्हा मूळ यंत्र इंग्रजी वळणाचे आणि इंची मापाचे, आणि मेट्रिक बोल्ट मागाहून आलेले, असे मानायला हरकत नव्हती. आमच्यापैकी एकाने वहीत त्या बोल्टांसमोर 'प्रक्षिप्त' असे लिहिले. मुलाने ते वाचले आणि बराच वेळ हसत राहिला.

अशी यंत्रे आपल्याकडे रुजली त्या गोष्टीचा मराठी वाङ्मयाशी संबंध आहे, तो आमच्या वर्गांत क्वचितच सांगितला जातो. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात भावासह सायकलींचे दुकान काढले ते १८८८ मध्ये, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, १९०३ मध्ये लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्याच कारखान्यातून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याच्या बातम्या देण्यासाठी निघालेले ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' त्याच्या जोडीला आले. आमचे विद्यार्थी ही तिन्ही नावे परीक्षेत अचूक लिहितात. ज्या आवारात ती छापली जात तिथे बीड ओतले जात होते आणि भोके पाडली जात होती, हे मात्र टिपणांच्या वह्यांत येत नाही. नियतकालिकांचा इतिहास आपण कागदापासून सुरू करतो, हे आम्हांला अपुरे वाटत आले आहे.

आता वादाकडे येऊ. तो पट्ट्यावरच्या झाकणावरून झाला.

मूळ यंत्राला झाकण नव्हते. पट्टा आणि पुल्या उघड्याच फिरत असाव्यात, कारण डोक्यावर झाकणाच्या बिजागरीसाठी जागाच ओतलेली नाही. सध्याचे झाकण पत्र्याचे, तेलाच्या डब्यातून कापलेले, हाताने ठोकलेले, एका बाजूला चेपलेले. आमच्यापैकी थोरल्याचे म्हणणे असे की हा उघड प्रक्षेप. तो दूर करावा, आणि संरक्षण हवेच म्हणून नवे, नीटस झाकण बसवावे. हे म्हणण्यामागे एक मोठी परंपरा होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले, १९२५ पासून वि. स. सुखठणकरांनी त्याला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. हस्तलिखितांचा आधार नसलेला मजकूर, तो कितीही लोकप्रिय असो, तिथे संहितेतून काढून तळटिपांत किंवा परिशिष्टांत ठेवला आहे. आम्ही दोघांनीही त्या शिस्तीवर व्याख्याने दिली आहेत.

मुलाने झाकण काढून आणले आणि उलटे केले. आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने, जाड ब्रशने, मिस्त्रींच्या हातचे लिहिलेले होते: '६ वर', '८ दुसरी', '१२ खाली', आणि त्याखाली 'पितळ वर चालेल'. म्हणजे कोणत्या बिटाला पट्टा कोणत्या पायरीवर. चौथी पास झालेल्या माणसाने अनुभवातून काढलेले ते कोष्टक आम्ही गणित करून पडताळले तेव्हा बहुतेक बरोबर निघाले. मग मुलाने हे झाकण का झाले ते सांगितले. तो पाचवीत असताना उघड्या पट्ट्यात वडिलांच्या तर्जनीचे पेर गेले. बोट बांधलेले असतानाच त्यांनी डाव्या हाताने डबा कापायला घेतला होता. चेपलेली बाजू तीच.

यानंतर 'प्रक्षिप्त' हा शब्द आमच्या वहीत आला नाही. संहितेत मागाहून घातलेले पान अस्सल नसते, हे खरेच. पण या यंत्रावर हेतुपुरस्सर लिहिलेला एकमेव मजकूर नेमका त्या पानावर होता. सुखठणकरांची पद्धत याने खोटी ठरत नाही. तिला तळटीप उपलब्ध असते, एवढाच फरक आहे. भांडारकरी आवृत्तीत जिथे पाठ संशयित आहे तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिलेली असते: शब्द संहितेत राहतो आणि शंकाही राहते. बिडाच्या यंत्राला अशी सोय नाही. झाकण एक तर बसते, नाहीतर भंगारात जाते.

मुलगा आमच्याहून व्यवहारी निघाला. त्याला यंत्र शोभेसाठी नको होते, त्यावर घर चालवायचे होते. "सर, गिऱ्हाईक आधी रंग बघतंय," म्हणून बाहेरून त्याने सगळे खरवडले. खरवडताना हिरव्याखाली राखाडी आणि राखाडीखाली काळा थर निघाला; आम्ही तिन्हींचे फोटो घेतले आणि त्याने त्यांवर रेड ऑक्साइड मारून वर निळा रंग दिला. झाकणही बाहेरून निळे झाले, चेप न काढता. आतून त्याने ब्रश लावला नाही. उघडा पट्टा दिसणारी फट मात्र नव्या जाळीने बंद केली, आणि हाताच्या टप्प्यात लाल बटणाचा स्विच बसविला.

टेबलाचा प्रश्न उरला. वर्षानुवर्षे बिट आरपार गेल्याने त्यावर अर्धवट चंद्रांसारखे खड्डे पडले होते. ते वेल्डिंगने भरून प्लेन करून घेता आले असते. पण बीड असमान तापले तर तडकते, आणि कामाला त्या खड्ड्यांचा उपद्रवही नव्हता. ते राहिले. त्याऐवजी मुलाने टेबल काटकोनात आणले, आणि ती रीत पाहण्यासारखी आहे. चकमध्ये एक वाकवलेली तार धरायची, तिचे टोक टेबलाला जेमतेम टेकवायचे आणि स्पिंडल हाताने फिरवायचा. जिथे टोक घासते तिथे टेबल वर, जिथे अंतर पडते तिथे खाली. पाऊण तास तो ती तार फिरवत आणि बोल्ट सैल-घट्ट करत बसला होता. बार्शीहून उसना आणलेला डायल गेज लावला तेव्हा स्पिंडलचा डगमग मिलिमीटरच्या तीन शतांशांवर आलेला होता.

पहिले काम कडबाकुट्टीच्या पात्याचे आले. दहा मिलिमीटरची तीन भोके. मुलाने सवयीने झाकण उघडून आत पाहिले. दहाचा आकडा वडिलांनी लिहिलेला नव्हता. त्याने पट्टा आठच्या पायरीवर ठेवून पाहिला, बिट किंचाळले, तेव्हा एक पायरी खाली घेतला. कीस सलग, पिळदार निघू लागला. पाती गिऱ्हाइकाच्या हवाली करून तो आत गेला आणि पांढऱ्या रंगाची डबी घेऊन आला. 'पितळ वर चालेल'च्या खाली त्याने '१० तिसरी' असे लिहिले. त्याचे अक्षर वडिलांपेक्षा बारीक आहे.