कीटकभक्षी रोप आणि श्रावकाचा विवेक

पाणी गाळून पिणाऱ्या घरात कीटक खाणारी वनस्पती ठेवावी काय? बागकामाची हौस असणारी तरुण मंडळी आज बटरवर्टसारखी रोपे घरी आणू लागली आहेत. त्यामुळे या प्रश्नाचा विचार करणे आवश्यक झाले आहे.

बटरवर्टचे शास्त्रीय नाव पिंग्विक्युला. लॅटिन भाषेत 'पिंग्विस' म्हणजे स्निग्ध. लोण्याचा हात फिरवल्यासारखी पाने चकाकतात, म्हणून हे नाव. पानांवरील देठयुक्त ग्रंथी चिकट द्रव स्रवतात व त्यात चिलटे अडकतात. पृष्ठालगतच्या ग्रंथी पाचक रस सोडतात. सुमारे १०० जातींपैकी बऱ्याच मेक्सिकोतील आहेत. एक जात हिमालयातही आढळते. साताऱ्याजवळील कास पठारावरची निळी-जांभळी 'सीतेची आसवे' याच कुळातील असून तीही कीटकभक्षी आहे.

हे रोप अन्न तयार करते ते सूर्यप्रकाशावरच. निकस जमिनीत न मिळणारे नत्र व स्फुरद मात्र ते कीटकांपासून घेते. हा त्याचा निसर्गधर्म आहे. एकेंद्रिय जीवाला त्याबद्दल दोष देता येत नाही. प्रश्न आहे तो त्याला हौसेने पाळणाऱ्याचा.

त्याची निगा राखतानाही विवेक लागतो. गाळण्याने पाण्यातील जीव वेगळे होतात, क्षार नाहीत. उकळल्याने तर पाणी आटून उरलेले क्षार अधिक दाट होतात. बटरवर्टच्या मुळांना मात्र क्षार सोसत नाहीत. म्हणून पावसाचे, ऊर्ध्वपातित किंवा आरओचे पाणी वापरतात. ते पानांवर न ओतता कुंडीखालच्या ताटलीत सुमारे १ सेंटीमीटर ठेवतात. पाणी साचून राहिले, तर त्यात डासांची अंडी पडतात आणि मग ते ओतून देणे म्हणजे जीवघातच. यासाठी ताटलीत एक-दोन दिवसांत आटेल इतकेच पाणी घालावे आणि ती कोरडी झाल्यावरच पुन्हा भरावी. मेक्सिकन जाती कोरड्या हिवाळ्यात लहान, मांसल पाने धरतात व कीटक पकडणे थांबवतात. तेव्हा पाणी अगदी बेताने द्यावे.

आता मूळ प्रश्न. व्यापारात, शेतीत, स्वयंपाकात घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. ती कमी करणे एवढेच त्याच्या हाती असते. निष्प्रयोजन हिंसेला मात्र अनर्थदंड म्हटले आहे. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजर इत्यादी हिंसक प्राणी पाळणे अनर्थदंडातच गणले आहे. पानावर तडफडणारे चिलट चतुरिंद्रिय जीव आहे. केवळ शोभेसाठी ते रोप खिडकीत ठेवणे या नियमाबाहेर कसे राहील? 'आम्ही कीटक घालत नाही, ते आपणहून येतात,' हा युक्तिवाद टिकत नाही. सापळा आपण मांडला, तर त्यात सापडणाऱ्या जीवाची जबाबदारीही आपलीच. चिलटे कमी व्हावीत म्हणून हे रोप आणणे तर उघडच संकल्पी हिंसा होय.

म्हणून असे रोप विकत आणू नये, हेच श्रावकाला शोभते. परंतु मुलांनी ते आणलेच असेल, तर रागाने उकिरड्यावर फेकणे हीही हिंसाच, कारण वनस्पतीलाही जीव आहे. त्यातून मार्ग निघू शकतो. चार्ल्स डार्विनने १८७५ च्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे की, ही वनस्पती पानांवर पडलेले परागकणही पचवते. कीटकांवाचून ती सावकाश वाढते, पण जगू शकते. रोप झाकणाच्या काचपेटीत ठेवावे. गळालेल्या फुलांतील पराग किंवा अतिशय पातळ केलेले खत पानांना अधूनमधून द्यावे. पेटी कडक उन्हात ठेवू नये.

घरातील मुलाने झाकण का लावले असे विचारले, तर त्याला कारण नीट समजावून सांगावे. यत्नाचार म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातील व्याख्येपेक्षा त्या पेटीकडे पाहून लवकर उमगेल.